संतांचाही होतो पंचनामा!

मंडळी, ऐन नांगरटीच्या दिवसांत सालगडी रोज उशिरा शेतावर येऊ लागला, तर मालकाचे डोके तापणार की नाही? सुमारे नऊशे वर्षांपूर्वी स्पेन देशातल्या एका जमीनदाराचे असेच डोके तापले होते.

माद्रिद हे आज त्या देशाच्या राजधानीचे शहर आहे. त्या काळी ते तटबंदीच्या आतले एक लहान गाव होते. तिथे इसिद्रो नावाचा एक गरीब माणूस वार्गास नावाच्या जमीनदाराकडे शेतावर राबत असे. स्वतःची जमीन नाही, अक्षरओळख नाही. पहाटे उठून तो आधी चर्चमध्ये जाई, प्रार्थना करी आणि मग शेताची वाट धरी. बरोबरच्या गड्यांनी मालकाचे कान भरले, "आम्ही घाम गाळतो आणि हा देवदेव करीत बसतो." मालक एके दिवशी बांधाआड दबा धरून बसला. पाहतो तर काय, इसिद्रोच्या औताशेजारी आणखी पांढऱ्या शुभ्र बैलांची औते चालली आहेत आणि ती हाकणारे साक्षात देवदूत आहेत! मालकाने मुकाट्याने मान खाली घातली.

दुसरी गोष्ट अशीच. हिवाळ्याच्या कडाक्यात इसिद्रो धान्याचे पोते घेऊन गिरणीकडे निघाला होता. वाटेत भुकेली पाखरे दिसली. त्याने अर्धे पोते त्यांच्यापुढे ओतले. लोक हसले. पण गिरणीवर दळण झाले तेव्हा पीठ पूर्ण पोत्याचे भरले. त्याची बायको मारिया हीही तशीच. दाराशी आलेल्याला उपाशी पाठवायचे नाही, हा तिचा नेम. तिच्या चुलीवरचे भांडे गरिबांना वाढताना कधी रिकामे झाले नाही, असे सांगतात.

या गोष्टी ऐकून तुम्हाला आपल्याकडच्या गोष्टी आठवल्या असतील. देवाने जनाबाईचे दळण दळले, ही कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली. मळ्यात राबता राबता देव पाहणारे सावता महाराज तर आपल्या घरचेच. त्यांना संत कोणी ठरवले? कोणी अर्ज केला नाही, कोणी सही-शिक्का मारला नाही. लोकांनी मानले आणि ते संत झाले.

कॅथलिक ख्रिस्ती धर्मात मात्र तसे नाही. तिथे लोकांनी मानले एवढ्यावर भागत नाही. संत ठरवायचा, तर चौकशी होते, साक्षी होतात, कागद होतात, डॉक्टर बोलावले जातात. जणू आपल्याकडचा पंचनामाच! इसिद्रो वारला बाराव्या शतकात. रोमच्या पोपने त्याला संत म्हणून जाहीर केले ते १२ मार्च १६२२ रोजी. म्हणजे मधे साडेचारशेच्या वर वर्षे गेली असे धरायला हरकत नाही. हा पंचनामा असतो तरी कसा, आणि एवढी उठाठेव कशासाठी, ते आज पाहू.

आधी लोक, मग रोम

सुरुवातीला ख्रिस्ती लोकांतही आपल्यासारखेच होते. पहिल्या तीनशे वर्षांत रोमन बादशहांनी ख्रिस्ती लोकांचा वेळोवेळी छळ केला. जे धर्मासाठी मेले त्यांच्या थडग्यांवर लोक जमू लागले, त्यांच्या मृत्यूचा दिवस पाळू लागले. पुढे छळ थांबला, तेव्हा पवित्र जीवन जगलेल्या साध्या माणसांनाही असा मान मिळू लागला. त्या भागाच्या बिशपने होकार दिला की झाले.

पण लोकांच्या भाबडेपणाला अंत नसतो, हे गावात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. बाराव्या शतकात स्वीडनमध्ये दारूच्या नशेत मारल्या गेलेल्या एका माणसाला लोक संत म्हणून भजू लागले. तेव्हाचे पोप तिसरे अलेक्झांडर यांनी तिथल्या राजाला पत्र पाठवून बजावले की, त्याच्या नावाने चमत्कार होत असले तरी रोमच्या परवानगीशिवाय त्याला भजायचे नाही. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या एका खेड्यात तर याहून नवल घडले. तिथल्या बायाबापड्या आजारी लेकरांना घेऊन एका संताच्या थडग्यावर जात. एका धर्मगुरूने चौकशी केली, तेव्हा कळले की तो संत म्हणजे एक शिकारी कुत्रा! मालकाच्या तान्ह्या बाळाला सापापासून वाचवणारा आणि गैरसमजाने मालकाच्याच हातून मेलेला इमानी कुत्रा.

अशा प्रकारांमुळे हळूहळू सारा अधिकार रोमकडे गेला. पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली नोंद ९९३ सालची आहे. तो मान जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावचे बिशप उलरिक यांना मिळाला. १२३४ साली हा अधिकार फक्त पोपचा, असे धर्माच्या कायद्यात आले. १५८८ मध्ये या कामासाठी रोममध्ये वेगळे खाते नेमले गेले. पुढे सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी आणखी कडक नियम घातला: रोमने निर्णय दिल्याशिवाय कोणाचीही जाहीर भक्ती करायची नाही, चित्रात त्याच्या डोक्यामागे तेजाचे वलय काढायचे नाही. आजही चौकशी सुरू झाली की आधी हे पाहिले जाते. लोकांनी उतावीळपणे त्या माणसाची जाहीर भक्ती आधीच सुरू केली असेल, तर ती बाजूच प्रकरणाला नडते. घरात बसून एकट्याने प्रार्थना करायला मात्र बंदी नाही.

पहिली पायरी : जिथे मेला तिथली चौकशी

समजा, एखादा सज्जन माणूस वारला आणि हा संत होता असे लोक म्हणू लागले. मग रीत अशी. आधी पाच वर्षे थांबायचे. का? तर ताज्या दुःखात माणूस मोठाच दिसतो. तिरडी उठली की वैरीसुद्धा चांगले बोलतो. पाच वर्षांनी लोकांच्या मनात काय उरते ते खरे. ही मुदत माफ करायचा अधिकार फक्त पोपला.

मुदत संपली की त्या माणसाची बाजू मांडण्यासाठी एक जण नेमला जातो. त्याला पोस्टुलेटर म्हणतात. तो माणूस जिथे वारला त्या भागाच्या बिशपकडे तो अर्ज करतो. रोमकडून हरकत नाही असे पत्र आले की चौकशी सुरू होते. तिथून त्या मृत माणसाला 'देवाचा सेवक' म्हणतात.

मग साक्षी. ज्यांनी त्याला पाहिले, त्याच्याबरोबर काम केले, त्याच्या हातचे खाल्ले, त्याच्याशी भांडले, त्या सर्वांना बोलावले जाते. साक्षीदाराला खरे सांगण्याची शपथ असते. नुसते गोड बोलणारेच नव्हे, विरुद्ध बोलणारेही बोलवावे लागतात. मदर तेरेसांच्या चौकशीत त्यांच्यावर कडाडून टीका करणारे पुस्तक लिहिणारे ख्रिस्तोफर हिचेन्स यांची साक्ष घेतली होती. हिचेन्स देवच मानत नव्हते. तरी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले गेले.

त्या माणसाने लिहिलेले एकूण एक कागद धुंडाळले जातात. छापलेली पुस्तके धर्मपंडित वाचतात, तर पत्रे, टिपणे आणि त्या काळचे दस्तऐवज इतिहास जाणणारे तपासतात. सगळे झाले की गठ्ठे बांधून, लाखेचे शिक्के मारून रोमला पाठवतात.

सैतानाचा वकील

रोममध्ये पूर्वी एक मोठा गमतीचा हुद्दा होता. त्याचे कामच मुळी आडवे लावण्याचे. हा माणूस संत नव्हता, त्याचा राग शिगेला जाई, हा चमत्कार नसून योगायोग आहे, हा साक्षीदार नात्यातला आहे, अशा शंका त्याने काढायच्या आणि पोस्टुलेटरने उत्तरे द्यायची. त्याचे खरे नाव 'श्रद्धेचा पुरस्कर्ता' अशा अर्थाचे. पण लोक त्याला 'सैतानाचा वकील' म्हणत. देवाच्या माणसाला संत ठरवायचे, तर आधी सैतानालाही वकील द्यायचा, ही कल्पनाच पाहा! खोटे नाणे चालू नये म्हणून ते आधी दगडावर वाजवून पाहायचे.

१९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी नियम सोपे केले. त्या वकिलाचे जुने काम संपले. त्या हुद्द्याचा माणूस आता धर्मपंडितांच्या सभेचे काम पाहतो. मृत माणसाचे सगळे आयुष्य पुराव्यानिशी एका जाडजूड ग्रंथात मांडायचे, आणि त्यावर जाणकारांनी मत द्यायचे, अशी रीत आली. तो ग्रंथ आधी धर्मपंडित वाचतात, मग कार्डिनल आणि बिशप वाचतात, आणि शेवटी निर्णय पोप देतात.

पाहतात काय? सात गुण. श्रद्धा, आशा, प्रेम, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. हे गुण तर आपल्यातही थोडेफार असतात. पण इथे ते 'वीराला शोभावेत' इतके हवेत. एखाद्या दिवशी नाही, वर्षानुवर्षे. सुखात नाही, अडचणीत. घरचा माणूस आजारी असताना, पैसा बुडाला असताना, लोक वाईट बोलत असताना तो कसा वागला? या परीक्षेत उतरला तर त्याला 'वंदनीय' ही पदवी मिळते. इथपर्यंत चमत्काराचा संबंध नाही. आधी आयुष्य, मग चमत्कार. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टरांची साक्ष

पुढच्या दोन पायऱ्या म्हणजे 'धन्यवादित' आणि 'संत'. धन्यवादित झालेल्याचा सण त्याच्या भागात, त्याच्या देशात किंवा त्याच्या पंथात पाळता येतो. संत झालेल्याला जगभरच्या कॅथलिकांत मान. या दोन्ही पायऱ्यांना सर्वसाधारणपणे एकेक चमत्कार लागतो, आणि तोही त्या माणसाच्या मृत्यूनंतर घडलेला. कॅथलिकांची श्रद्धा अशी की, चमत्कार संत करीत नाही, देव करतो. संत फक्त आपल्यासाठी देवाजवळ शब्द टाकतो. गावात मोठ्या माणसाकडे जाताना आपण ओळखीच्या कोणाला मध्ये घालतो ना, तशी ही मध्यस्थी. ती खरी असेल तर तो माणूस देवाजवळ पोहोचला आहे, असा अर्थ.

बहुतेक चमत्कार आजार बरा झाल्याचे असतात. पण 'मला गुण आला' एवढे म्हणून चालत नाही. आजार गंभीर होता का? तो अचानक बरा झाला का? पुरता बरा झाला का? पुन्हा उलटला तर नाही ना? आणि ज्या औषधोपचाराने तो बरा होऊ शकला असता तसा उपचार झाला होता का? या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांच्या मंडळाने द्यायची. एक्स-रे, रक्ताचे अहवाल, दवाखान्यातले कागद सगळे मागवतात. २०१६ साली जे नियम जाहीर झाले, त्यांनुसार मंडळात सात डॉक्टर असतील तर निदान पाच, आणि सहा असतील तर निदान चार अनुकूल लागतात. एकच प्रकरण तीनपेक्षा जास्त वेळा तपासता येत नाही. डॉक्टरांना मानधन देतात ते बँकेमार्फत, रोख नाही.

आणखी एक बारकावा. 'हा चमत्कार आहे' असे डॉक्टरने म्हणायचे नसते. 'आजच्या वैद्यकशास्त्राला याचे कारण सांगता येत नाही' एवढेच त्याने म्हणायचे. पुढचे धर्मपंडितांनी पाहायचे: नेमकी कोणाची प्रार्थना केली होती, आणि ती केल्यावरच गुण आला का? दहा देवांना नवस बोलले असतील तर कोणता पावला हे कसे सांगणार? असे प्रकरण तिथे टिकत नाही.

वसईचा गोन्सालो

धर्मासाठी प्राण देणाऱ्याचा रस्ता वेगळा आहे. त्याला रक्तसाक्षी म्हणतात. धन्यवादित होण्यासाठी त्याला चमत्कार लागत नाही; मरणच साक्ष देते.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीतला पहिला कॅथलिक संत असाच रक्तसाक्षी आहे. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया. जन्म सोळाव्या शतकात, वसईला. तेव्हा वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडे होता. बाप पोर्तुगीज, आई वसईची. तरुणपणी तो धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. मग काही काळ व्यापार केला, पैसाही मिळवला. पण मन रमेना. सगळे सोडून तो मनिला इथे फ्रान्सिस्कन पंथात साधा ब्रदर झाला. १५९३ मध्ये त्या पंथाचे लोक जपानला निघाले, तेव्हा जपानी येणारा म्हणून दुभाषा गोन्सालोच होता.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. ख्रिस्ती लोकांना पकडण्यात आले, त्यांच्या कानाचे तुकडे कापून त्यांची धिंड काढली आणि ऐन थंडीत त्यांना क्योतोहून दूर नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी एका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर देऊन भाल्यांनी मारले. त्यांत कोवळी पोरेही होती. त्या २६ जणांतला एक आपला गोन्सालो.

तो धन्यवादित झाला १६२७ मध्ये आणि संत झाला ८ जून १८६२ रोजी. मरणापासून संतपदापर्यंत २६५ वर्षे! या मुदतीत वसईचे पोर्तुगीज राज्य गेले, मराठ्यांचे आले, मग इंग्रजांचे आले. आज वसईत त्याच्या नावाचे चर्च आहे, कॉलेज आहे.

बाणावलीचा वाझ आणि पावसाची गोष्ट

दुसरे उदाहरण गोव्यातले. १६५१ साली बाणावली गावी जन्मलेले फादर जोसेफ वाझ. गोव्यात त्यांना जुझे वाझ म्हणतात. त्या काळी श्रीलंकेत डच लोकांचा अंमल होता आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. तिथल्या कॅथलिकांना कोणी वाली नाही हे ऐकून हे गृहस्थ १६८६ मध्ये गोव्यातून निघाले आणि हमालाच्या वेशात, अनवाणी, जाफनाला उतरले. कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले, तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून कैदेत पडले. कैदेतच सिंहली भाषा शिकले.

पुढे कँडीत दुष्काळ पडला. गोष्ट अशी सांगतात की, राजाने सांगितल्यावरून वाझ यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस उभा केला आणि प्रार्थना केली. पाऊस कोसळला, पण वाझ आणि त्यांची वेदी कोरडी राहिली! पुढच्याच वर्षी, १६९७ मध्ये, देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळू लागले. वाझ यांनी त्यांना खोपटी बांधून दिली, जखमा धुतल्या, जेवण भरवले, मेलेल्यांना माती दिली. धर्म कोणता, हे विचारले नाही. तेव्हापासून राजाने त्यांना मोकळीक दिली. १६ जानेवारी १७११ रोजी ते कँडीतच वारले.

पावसाच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवील, कोण ठेवणार नाही. पण साथीतल्या सेवेवर शंका घेणारा विरळा. वाझ यांना धन्यवादित व्हायला १९९५ साल उजाडले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत तो सोहळा केला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोतच त्यांना संत म्हणून जाहीर केले, आणि त्यासाठी दुसऱ्या चमत्काराची अट माफ केली. तीनशे वर्षे लोकांनी मनात जपलेला माणूस, आणखी पुरावा काय मागायचा?

राणी मारिया

ही झाली जुनी माणसे. आता आपल्या डोळ्यांदेखतची एक गोष्ट सांगतो. तिचा संबंध तुमच्याआमच्या प्रश्नाशी आहे, सावकारीशी.

सिस्टर राणी मारिया या केरळच्या एका शेतकरी घरातल्या. नन होऊन त्या मध्य प्रदेशात आल्या. इंदूरच्या बाजूला उदयनगर परिसरात आदिवासी आणि भूमिहीन मजूर सावकाराच्या कर्जात बुडालेले होते. एकदा घेतलेले कर्ज पिढ्यानपिढ्या फिटत नसे. राणी मारियांनी त्यांना एकत्र केले, बचत शिकवली, बँकेतून कर्ज कसे काढायचे ते दाखवले, सरकारी योजना समजावल्या. सावकाराचे गिऱ्हाईक तुटू लागले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या बसने निघाल्या असता एका भाडोत्री मारेकऱ्याने त्यांना भर बसमध्ये चाकूने भोसकले. लोक पाहत राहिले.

मारेकऱ्याला जन्मठेप झाली. आणि मग जे घडले ते वाचून मन हलते. राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, तीही नन, ती तुरुंगात गेली आणि तिने आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याला राखी बांधली. आईने त्याला क्षमा केली. त्या कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी शब्द टाकला. तो सुटला, त्याला पश्चात्ताप झाला, आणि तो त्या आईच्या दारी गेला.

राणी मारियांचे प्रकरण रीतसर चालले. गरिबांच्या बाजूने उभी राहिली म्हणून मारली गेली, हे मरण धर्मासाठीचे मानायचे का? रोमने होय म्हटले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला त्यांना धन्यवादित म्हणून जाहीर केले. संतपदासाठी मात्र रक्तसाक्षीलाही चमत्कार लागतोच.

टीका आहे, ती असावी

या सगळ्या कारभारावर लोक टीका करतात, आणि तीही सांगितली पाहिजे. पहिली टीका पैशाची. कागद जमवायचे, भाषांतरे करायची, जाणकारांचे मानधन द्यायचे, वर्षानुवर्षे माणूस रोमला ठेवायचा, हे सारे खर्चाचे काम. ज्याच्यामागे मोठा पंथ किंवा श्रीमंत देश, त्याचे प्रकरण पुढे सरकते. गरीब गावचा सज्जन मागे राहतो. हिशेबातही घोळ झाले. म्हणून २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी पैशावर देखरेखीचे नवे नियम घातले.

दुसरी टीका घाईची. पोप दुसरे जॉन पॉल यांनी आपल्या कारकिर्दीत ४८२ संत जाहीर केले. एवढे भराभर कशाला, असे काहींना वाटले. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या. त्यांच्यासाठी पाच वर्षांची मुदत माफ झाली, २००३ मध्ये त्या धन्यवादित झाल्या आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी संत. त्यांचा पहिला चमत्कार पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या पोटातली गाठ बरी झाल्याचा. पण तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींनी उघड सांगितले की, ती औषधांनी बरी झाली. रोमच्या मंडळाचे मत वेगळे पडले. तो वाद अजून मिटलेला नाही.

तरीही एक गोष्ट मानली पाहिजे. ज्या संस्थेला आपले संत प्यारे आहेत, तीच संस्था शंकेखोराला खुर्ची देते, डॉक्टरला विचारते, वर्षानुवर्षे थांबते. आपल्याकडे परवा उगवलेला बाबा आज 'साक्षात्कारी' होतो. विभूती लावली की साप उतरतो म्हणतो, आणि आपण सर्पदंशाच्या लेकराला दवाखान्यात न्यायचे सोडून त्याच्या पायावर घालतो. कोणी विचारीत नाही: याच्या तोंडच्या गुणांचा कागद कुठे आहे? बरे झालेले किती आणि मेलेले किती? पैसा कुठे जातो? याच्या घरचे, शेजारचे, मोलकरीण याच्याबद्दल काय म्हणतात? श्रद्धा ठेवा, पण हे चार प्रश्न विचारायला देव आड येत नाही. जो खरा आहे त्याला चौकशीची भीती नसते.

कागदावर न आलेले

पुन्हा आपल्या इसिद्रोकडे येऊ. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये एकदम पाच संत जाहीर झाले. इग्नेशियस लोयोला, अविलाची तेरेसा, फिलिप नेरी, आणि ज्यांचे शव जुन्या गोव्यात ठेवले आहे व दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, ते फ्रान्सिस झेवियर. चौघेही शिकलेले, पंथ काढणारे किंवा चालवणारे, जगाला ठाऊक असलेले. आणि त्यांच्या पंक्तीला बसला एक सालगडी. त्याने ना ग्रंथ लिहिला, ना पंथ काढला. त्याच्यासाठी साक्ष दिली ती लोकांनी पिढ्यानपिढ्या सांगत आणलेल्या गोष्टींनी, आणि तेराव्या शतकात कोणीतरी लिहून ठेवलेल्या एका जुन्या पोथीने. त्याची बायको मारिया हीसुद्धा १६९७ मध्ये धन्यवादित झाली. नवरा-बायको दोघेही राबणारे, दोघेही त्या वाटेवर.

आज इसिद्रो शेतकऱ्यांचा संत मानला जातो. १५ मे हा त्याचा सण. माद्रिदचे लोक त्या दिवशी त्याच्या झऱ्याचे पाणी प्यायला जातात. स्पेनच्या खेड्यांत त्याची मूर्ती शेताशेतांतून मिरवतात आणि पिकासाठी आशीर्वाद मागतात. फिलिपाइन्समधल्या लुकबान गावात तर घरांच्या दर्शनी भिंती भाताच्या लोंब्यांनी, भाज्यांनी आणि फळांनी मढवतात. आपण पोळ्याला बैल सजवतो, ते घरेच सजवतात.

पण मंडळी, ज्यांची पोथी कोणी लिहिली नाही, ज्यांच्यामागे पोस्टुलेटर नाही, त्यांचे काय? कॅथलिक लोकांनी त्यांचीही सोय केली आहे. १ नोव्हेंबर हा 'सर्व संतांचा दिवस'. ज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत, ज्यांची चौकशी कधी झाली नाही, पण जे देवाला ठाऊक आहेत, त्या सर्वांचा हा दिवस. एवढा काटेकोर पंचनामा करणारी माणसे शेवटी हेही कबूल करतात की, पंचनाम्यात न आलेलेच जास्त आहेत.

तुमच्या गावातही असा कोणी असेल. दुष्काळात आपल्या विहिरीला कुलूप न लावणारा. भावकीच्या वादात खरी साक्ष देणारा. विधवा शेजारणीचे रान न सांगता नांगरून देणारा. त्याच्या नावाचे चर्च होणार नाही, देऊळ होणार नाही. तो जिवंत आहे तोवर त्याच्या दाराशी जा, चार शब्द बोला. पाच वर्षे थांबायची गरज नाही.